आधी पीठ तोला, मग बी टोका : कोरडवाहू घराचं वर्षाचं अन्न बसवण्याची पद्धत

मृग लागला की गावोगाव भाजीच्या बियाण्याच्या पुड्या वाटल्या जातात. गटाच्या बैठकीत फोटो निघतो, पंधरा दिवसांत वाफे हिरवे दिसतात आणि होळी येईस्तोवर तिथं वाळलेल्या काड्या उरतात. मग "आमच्याकडं परसबाग जमत नाही" हे वाक्य ठरलेलं. मराठवाड्यातल्या कळंब-केज पट्ट्यातल्या बचतगटांसोबत काम करताना पहिले दोन हंगाम मीही हेच केलं. बियाणं चांगलं होतं, माणसं कष्टाळू होती, चुकला होता तो क्रम. घरात महिन्याला किती पीठ लागतं, कोणत्या महिन्यात कोठी रिकामी होते, मार्चमध्ये किती बादल्या सांडपाणी निघतं, यातलं काहीच न विचारता आम्ही थेट बी टोकत होतो.

खाली दिलेला क्रम पाच माणसांच्या, एक-दोन एकर कोरडवाहू असलेल्या किंवा भूमिहीन घरासाठी आहे. सुरुवात अक्षय तृतीयेच्या आसपास करा, म्हणजे पेरणीआधी हिशेब हातात येतो. भूमिहीन घरांनी चौथा टप्पा तसाच सोडू नये, त्याच्या शेवटी त्यांच्यासाठी मजकूर आहे.

## टप्पा १ : एका दिवसाचं अन्न तोला

तराजू किराणा दुकानातून तासाभरासाठी मागून आणा. अंदाज नको. एका घरी आजी छातीठोकपणे म्हणाल्या, "दीड किलोच्या वर पीठ लागतच नाही." सूनबाईंनी परातीत काढलेलं पीठ तराजूवर ठेवलं तर दोन किलोला शंभर ग्रॅम कमी. आजींचं माप खोटं नव्हतं, ते घरात तीनच माणसं होती तेव्हाचं होतं.

सलग तीन दिवस सकाळ-संध्याकाळचं पीठ, तांदूळ, डाळ आणि तेल तोलून वहीत लिहा. बाजाराचा आणि उपासाचा दिवस धरू नका. तिन्ही दिवसांची सरासरी काढा आणि तीसनं गुणा.

नमुना हिशेब : आजी, नवरा-बायको, दोन लेकरं. रोजचं पीठ दीड किलो, तांदूळ ३०० ग्रॅम. म्हणजे महिन्याला ५४ किलो धान्य. प्राधान्य कुटुंबाच्या रेशन कार्डावर माणशी ५ किलोप्रमाणे २५ किलो मिळतं. तूट महिन्याला २९ किलो, वर्षाला साधारण साडेतीन क्विंटल. रेशनवर सगळं भागतं असं समजणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावं. ५ किलो म्हणजे दिवसाला माणशी १६५ ग्रॅम, कष्टकरी माणसाच्या दोन-अडीच भाकरी.

डाळीचा आकडा त्याहून बोलका असतो. याच घरात पाच माणसांत दिवसाला १५० ग्रॅम डाळ शिजत होती, म्हणजे माणशी ३० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सुचवलेल्या रोजच्या ताटात डाळी-कडधान्यं, किंवा त्याबदली अंडी-मटण, मिळून ८५ ग्रॅमच्या आसपास धरलेत. एका उडीत तिथं पोचता येत नाही. पहिल्या वर्षी माणशी ६० ग्रॅमचं लक्ष्य धरा : घराला दिवसाला ३०० ग्रॅम, महिन्याला ९ किलो, वर्षाला एक क्विंटलच्या थोडं वर.

इथं चुकतं : पीठ तोलतात, पण मजुरीला जाताना बांधून नेलेल्या भाकरी मोजायच्या राहतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी माणसं वर्षातले किती महिने घरी जेवतात, तेही लिहा.

पुढं जाण्याआधी तपासा : वहीत तीन आकडे हवेत. धान्याची तूट, डाळीची तूट आणि महिन्याचं तेल.

## टप्पा २ : रिकामे महिने शोधा

बारा महिने एका ओळीत लिहा आणि प्रत्येकासमोर दोनच गोष्टी नोंदवा : घरात धान्य होतं की उसनं आणलं, आणि आठवड्यातून किती दिवस भाजी झाली.

बहुतेक कोरडवाहू घरांत चित्र असं दिसतं. मूग-उडीद भाद्रपदात येतो, सोयाबीन दसऱ्याच्या पुढंमागं, तूर पौषात, ज्वारी-हरभरा फाल्गुनात. म्हणजे खरी ओढाताण ज्येष्ठ ते श्रावण. बी-खताला पैसा गेलेला, शाळा सुरू झालेली, कोठी तळाला, बाजारात भाजी महाग आणि नेमकं तेव्हाच लेकरांना जुलाब. दुसरी ओढ होळी ते मृग, तेव्हा धान्य असतं पण भाजीला पाणी नसतं. पुढचं सगळं नियोजन या दोन खड्ड्यांसाठी आहे. नोव्हेंबरात भाजी कुठंही मिळते, तेव्हाच्या भाजीवर जीव ओतण्यात फार अर्थ नाही.

## टप्पा ३ : हक्काचं आधी पदरात घ्या

शेत-परस नंतर, आधी कागद. कार्डावर एक नाव चढलं की वर्षाला ६० किलो धान्य घरात येतं, आणि तेवढ्यासाठी एक गुंठाही पेरावा लागत नाही.

१. नावं मोजा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, त्यामुळे दुकानात धान्याचे पैसे द्यायचे नाहीत. नवी सून आणि लहान लेकरं हमखास राहिलेली असतात. सुनेचं नाव आधी माहेरच्या कार्डातून कमी करून दाखला घ्यावा लागतो, मगच ते सासरी चढतं. लेकरासाठी जन्मदाखला लागतो. आणि अंत्योदयवाल्यांनी एक गणित करावं : घरात सातपेक्षा जास्त माणसं असतील तर माणशी ५ किलोचा हिशेब ३५ किलोच्या पुढं जातो.

२. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, प्रत्येकाची. घरातल्या एकाचा अंगठा लागला म्हणजे सगळ्यांचं झालं, हा गैरसमज आहे. लेकराचं वय पाच आणि पंधरा झालं की आधारचे ठसे नव्यानं द्यावे लागतात. ते राहिलं की यंत्रावर अंगठा उमटत नाही.

३. पावती मागा. ई-पॉस यंत्रातून निघणाऱ्या पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो तिथंच जुळवा. घरी येऊन भांडण करण्यात काही हाती लागत नाही. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे.

४. ऊसतोडीला जाताना कार्ड बंद पडत नाही. 'एक देश एक रेशन कार्ड' सोयीमुळे कारखान्याच्या गावातल्या दुकानातही आधारवर धान्य उचलता येतं, मग ते गाव साताऱ्यात असो की कर्नाटकात. थोडं तिकडं आणि उरलेलं गावाकडच्या आजीनं, असंही चालतं. फक्त महिना उलटायच्या आत उचला.

५. अंगणवाडी. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांना घरी न्यायचा आहार, तीन ते सहा वर्षांना गरम ताजा आहार, शिवाय गरोदर आणि स्तनदा मातांना आहार. स्थलांतर करताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या आणि जिथं कोपी (ऊसतोडीची झोपडी) पडेल तिथल्या अंगणवाडीत पहिल्या आठवड्यातच नाव सांगा.

सावध : घरी आणलेलं लेकराचं पाकीट सगळ्या घरात वाटलं जातं, नाहीतर चव आवडली नाही म्हणून म्हशीच्या आंबोणात जातं. पाकिटावर लेकराचं नाव लिहा आणि वेगळ्या डब्यात ठेवा. चव बदलायची तर थोडा गूळ, शेंगदाण्याचा कूट घालून लाडू वळा.

केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांचं वेगळं आहे. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत त्यांना धान्याऐवजी खात्यावर रोख रक्कम मिळण्याची योजना २०२३ पासून आहे. खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते बघा. आणि ती रक्कम आली की तिची डाळच घ्या.

## टप्पा ४ : पोटाचा तुकडा आधी आखा

सोयाबीन पेरून झालं की उरलेल्या कोपऱ्यात ज्वारी, ही उलटी रीत आहे. पहिल्या टप्प्यातला तुटीचा आकडा घ्या आणि घरचा तुकडा आधी दोरीनं आखा. कोरडवाहूत ज्वारीला एकरी चार-पाच क्विंटल धरलं तर साडेतीन क्विंटलसाठी तीस-पस्तीस गुंठे लागतात. शंभर किलो तुरीची सत्तर-बहात्तर किलो डाळ पडते. हा तुकडा कुणाच्या ताब्यात, हेही आधीच ठरवा. धाराशिव-लातूर भागात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेसोबत बायकांनी एक एकर स्वतःच्या निर्णयानं पेरायला घेतलं, त्यातली घेण्यासारखी गोष्ट हीच : काय पेरायचं हे चुलीशी बसणारीनं ठरवायचं.

कमी जागेत जास्त जिन्नस बसवायला जुनी पाट्याची पद्धत पुरते. खरिपात तुरीच्या दोन ओळींमध्ये मूग किंवा उडीद. तो अडीच महिन्यांत निघतो आणि श्रावणातल्या खड्ड्यानंतर घरात येणारी पहिली डाळ हीच असते. ज्वारीत तासातासाला थोडी अंबाडी, चवळी, कारळ. बांधाला हुलगा. रब्बी ज्वारीत करडईचे पाटे, कडेनं लावली तर काट्यामुळं ढोरं आत शिरत नाहीत.

वाण निवडताना : परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये आला. त्यात लोह आणि जस्त जास्त आहे, पण तो खरिपाचा आहे. काळ्या रानात कणसं भरताना पाऊस लागला तर कोणत्याही खरीप ज्वारीचा दाणा काळा पडतो. म्हणून सगळी भिस्त खरिपावर ठेवू नका, अर्धी ज्वारी रब्बीत मालदांडी ठेवा.

इथं चुकतं : पेरणीचं उरलेलं रंगीत बियाणं धुऊन दळणात टाकणं. त्या रंगासोबत विष असतं आणि ते धुतल्यानं जात नाही. ते बियाणं कोंबड्यांनाही टाकू नका.

भूमिहीन घरांसाठी : तुमचा तुकडा म्हणजे सुगीतली खरेदी. आषाढात पाच-पाच किलो ज्वारी आणणं सगळ्यात महाग पडतं. फाल्गुन-चैत्रात गटातल्या आठ-दहा बायकांनी एकत्र कर्ज उचलून थेट खळ्यावरून पोती घ्यावीत आणि महिन्याला फेडावीत. काढणीची मजुरी धान्यात मिळत असेल तर पैशाऐवजी धान्यच घ्या, तेवढीच घासाघीस आणि हेलपाटा वाचतो.

## टप्पा ५ : साठवण

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, आणि कुणी त्याचा हिशेबच ठेवत नाही.

माझ्याच घरची गोष्ट. तूर दिवसभर पत्र्यावर वाळवली, संध्याकाळी आभाळ आलं म्हणून घाईनं गरम-गरमच कोठीत भरली आणि झाकण लावलं. आषाढी एकादशीच्या आधी हात घातला तर आतलं धान्य कोमट लागलं. धान्य गरम लागलं की समजावं, आत किडा आहे. मूठभर तूर ताटात काढली तर निम्म्या दाण्यांना टाचणीएवढी गोल भोकं. गरम धान्याला आत घाम सुटतो, आणि तुरीच्या भुंग्याची अंडी तर शेतातूनच शेंगेवर आलेली असतात. दोन्ही चुका माझ्याच.

पायरी १, वाळवण. ताडपत्रीवर पातळ थर देऊन तीन-चार उन्हं द्या, दुपारी दोनदा परता. डांबरी रस्त्यावर वाळवू नका.

पायरी २, परीक्षा. दाणा दाताखाली धरा. 'कट्' असा आवाज येऊन दोन तुकडे झाले तर वाळला, दबला तर ओला. दुसरी परीक्षा मिठाची : कोरड्या काचेच्या बरणीत थोडं कोरडं मीठ आणि धान्य घालून दहा-पंधरा मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य अजून फारच ओलं आहे. चिकटलं नाही म्हणून लगेच भरू नका, आणखी एक ऊन द्या. ज्वारी-गव्हाला १२ टक्क्यांच्या आत ओल हवी, डाळींना त्याहून कमी.

पायरी ३, निववणं. रात्रभर घरात पसरून पूर्ण थंड होऊ द्या. मी ज्या पायरीवर चुकले ती हीच.

पायरी ४, डाळ करून टाका. अख्ख्या तुरीपेक्षा भरडलेल्या डाळीला भुंगा कमी लागतो. बी आणि थोडी अख्खी तूर राखून बाकीची चैत्रातच डाळ करा. अख्खं कडधान्य ठेवायचंच तर किलोला चमचाभर खाण्याचं तेल किंवा एरंडेल दोन्ही हातांनी चोळा.

पायरी ५, भरणं. कोठी भिंतीपासून दीड फूट लांब आणि फळ्यांवर. आधी ती उन्हात तापवून थंड करा. काठोकाठ भरा, कारण मोकळी हवा म्हणजे किड्याला जागा. झाकणाची फट शेणमातीनं लिंपा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला. ओला पाला ओल वाढवतो, आणि हे फार घरांत बघितलंय. कोठी नसेल तर आतून जाड प्लास्टिकच्या हवाबंद पिशव्या असलेलं पोतं चालतं, फक्त उंदरापासून जपा.

पायरी ६, दोन भांडी. मोठी कोठी महिन्यातून एकदाच उघडायची. महिन्याचं धान्य छोट्या डब्यात काढून रोज त्यातून घ्या. मोठ्या कोठीचं झाकण रोज निघतं तिथं पाला, राख काहीच काम करत नाही.

धोका : धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. ओलीशी संबंध आला की त्यातून विषारी वायू निघतो आणि झोपेत माणसं दगावतात. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. खत-औषधाच्या रिकाम्या पोत्यात, डब्यात धान्य भरू नका. बुरशीचा वास येणारे शेंगदाणे आणि काळी पडलेली ज्वारी निवडून वेगळी काढा. लेकराच्या खाण्यात तर दाणाही जाऊ देऊ नका.

## टप्पा ६ : परसबाग, आधी बादल्या मोजा

आता बी. पण त्याआधी मार्च-एप्रिलमधल्या एका दिवशी अंघोळीचं आणि भांड्यांचं किती पाणी निघतं ते बादलीनं मोजा. सोपं गणित : उन्हाळ्यात भाजीच्या एका चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर लागतं. पंधरा लिटरच्या चार बादल्या निघत असतील तर ६० लिटर, म्हणजे दहा-बारा चौरस मीटर, म्हणजे दहा फूट बाय बारा फूट. टँकरच्या गावात दोनच बादल्या निघत असतील तर सहा बाय दहा. बस, तेवढीच बाग. पावसाळ्यात ती तिप्पट करायला हरकत नाही, पण बारमाही झाडं या उन्हाळी मापातच बसवा. पुडीतलं बी जास्त आहे म्हणून वाफे वाढवणं, हेच त्या होळीतल्या वाळक्या काड्यांचं कारण.

पाणी. न्हाणीच्या तोंडाशी दोन फूट खोल खड्डा, त्यात खाली विटांचे तुकडे, वर खडी, वर वाळू. त्यातून पाणी वाफ्याला. कपडे धुतलेलं सोड्याचं पाणी यात सोडू नका, त्यानं माती पांढरी पडते आणि घट्ट होते. ते अंगणात शिंपडा. पालेभाजीच्या पानावर सांडपाणी पडू नये, फक्त मुळाशी.

वाफे. काळ्या मातीत पावसाळ्यात गादीवाफा हवा, नाहीतर मुळं सडतात. उन्हाळ्यात त्याच जागी खोलगट वाफा हवा, नाहीतर पाणी वाहून जातं. बारा महिने एकच वाफा ठेवणारे दोन्हीकडून मार खातात. वर सोयाबीनची गुळी (भुसा) किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. कुंपणाला तुराट्या, उन्हाळ्यात वर जुन्या लुगड्याचा मांडव. वेलाच्या बुडाशी मातीचं छोटं मडकं पुरून रोज भरा, एका मडक्यावर दोन वेल तगतात.

कायमची झाडं आधी. एक शेवगा, एक कढीपत्ता, एक लिंबू, पाणी असेल तर एक-दोन पपया. ही लावल्याशिवाय पालेभाजीकडं वळू नका. चैत्र-वैशाखात बाकी सगळं वाळतं तेव्हा शेवग्याचा पाला हाताशी असतो. शेवगा माणसाच्या उंचीवर छाटत राहा, नाहीतर पाला आभाळात जातो आणि बाई खालून बघत राहते.

मग भाजी, थोडी-थोडी. मृगात दोडका, दुधी, कारली, भेंडी, गवार, चवळी, अंबाडी. पावसाळ्यात मेथी सडते, त्याऐवजी तांदुळजा. दसऱ्यानंतर मेथी, पालक, चुका, गाजर, मुळा, वांगी, टोमॅटो. माघाच्या शेवटी पुन्हा गवार, चवळी, तांदुळजा. पालेभाजीची सगळी पुडी एकदम टाकू नका. दर पंधरा दिवसांनी हातभर पट्टा टाका, म्हणजे आज ढीग आणि उद्या काहीच नाही असं होत नाही.

वाळवून ठेवा. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं हरभऱ्याचे शेंडे खुडा. झाड फुटतं आणि भाजीही मिळते. ती निवडून सावलीत वाळवा आणि कोरड्या डब्यात भरा. शेवग्याच्या पाल्याचंही तसंच. कडक उन्हात वाळवला तर रंग जातो आणि त्यासोबत अ जीवनसत्त्वही. फवारलेल्या रानातला पाला मात्र खुडू नका, शेजाऱ्याच्या रानातला तर विचारल्याशिवाय नकोच. पावसाळ्यात बांधावर येणारी पाथरी, कुर्डू, घोळ हीसुद्धा भाजीच आहे, पण तणनाशक मारलेल्या बांधावरून उचलू नका.

कोंबड्या. आठ गावरान कोंबड्या वर्षाला साधारण चारशे-पाचशे अंडी देतात. मानमोडीची लस न देता पिल्लं आणणं म्हणजे पैसे पाण्यात. पहिली मात्रा पहिल्याच आठवड्यात, पुढची कधी ते जनावरांच्या दवाखान्यात विचारा. आणि अंडी सगळी बाजारात जातात, हे थांबवा. गरोदर बाई आणि लेकरू यांचं एक-एक अंडं आधी बाजूला काढा, उरलेली विका. बागेला कुंपण आधी आणि कोंबड्या नंतर, हा क्रम उलटला की बाग संपलीच.

## टप्पा ७ : भांड्यातलं ताटात कसं जातं

कोठी भरली, भाजी आली, तरी घरातली बाई आणि सर्वात धाकटं लेकरू अशक्तच राहतं, कारण वाढताना त्यांचा वाटा उरत नाही. उपाय साधा आहे : कुणालाही वाढायच्या आधी बाईचं वरण-भाजी झाकणाच्या वाटीत काढून ठेवा. "मागून घेईन" म्हटलं की फक्त भाकरी आणि ठेचा राहतो. हे काम सासूबाईंकडं दिलं तर टिकतं, सुनेकडं दिलं तर ती लाजून मोडते.

रोजच्या जेवणात. पालेभाजी डाळीत घालून शिजवा, म्हणजे दोन्ही पोटात जातात. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून होते, तशीच. जेवताना लिंबाची फोड पिळा, आंबटामुळं अन्नातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह वाया जातं, म्हणून तासभर थांबा. लोहाची गोळीही चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. कारळ, जवस, तीळ, शेंगदाणा यांच्या चटण्या आठवड्याला एक करून ठेवा. हुलग्याचं माडगं हे पावसाळ्याचं अन्न आहे, फक्त आजारी माणसाचं नाही.

घरात सोयाबीनची पोती असतात पण ताटात दाणा नसतो. दहा किलो दळणाला एक किलो सोयाबीन घाला. मात्र आधी वीस-पंचवीस मिनिटं उकळून, खडखडीत वाळवून. कच्चं दळलं तर पचत नाही, पोट बिघडतं आणि लोक सोयाबीनलाच नावं ठेवतात.

लेकराचा घास. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. सहा महिने पूर्ण झाले की दूध चालू ठेवून वरचं अन्न सुरू. बहुतेक घरं इथं वरणाचं पाणी पाजतात. त्यानं पोट फुगतं, अंग भरत नाही. चमचा तिरका केला की घास ओघळता कामा नये, हळूच पडावा, इतका घट्ट हवा. ज्वारीची पेज नको, ज्वारीची खीर किंवा वरणात कुस्करलेली भाकरी हवी, वर चमचाभर तेल किंवा तूप. सहा ते आठ महिने : दिवसातून दोन-तीन वेळा, दोन-तीन चमच्यांपासून अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ ते अकरा : तीन-चार वेळा अर्धी वाटी. वर्षानंतर : तीन-चार वेळा पाऊण ते पूर्ण वाटी आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी. वाटी म्हणजे पाव लिटरची. लेकराची वाटी वेगळीच ठेवा, मोठ्यांच्या ताटात त्यानं किती खाल्लं ते कळत नाही. चहा-बिस्कीट हे जेवण नाही. वर्षाच्या आत मध चाटवू नका.

लगेच दवाखाना : सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर घरच्या खुराकावर विसंबू नका. अंगणवाडी ताईला किंवा आशाताईला त्याच दिवशी दाखवा. दंडाची पट्टी त्यांच्याकडं असते. ११.५ ते १२.५ असेल तर तेही नोंदवून घ्या आणि लक्ष ठेवा. दर महिन्याचं वजन चुकवू नका. ऊसतोडीहून परत आल्याच्या आठवड्यात तर नक्की.

## टप्पा ८ : महिन्यातून एकदा, दहा मिनिटं

अमावास्येचा दिवस लक्षात राहतो, तो धरा. वहीत एवढंच लिहायचं : कोठीत काठीनं मोजलेली धान्याची उंची किती, आत हात घातल्यावर गार लागलं की कोमट, डाळ किती किलो उरली, रेशनची पावती किती किलोची, आठवड्यात किती दिवस पालेभाजी झाली, लेकराचं वजन किती.

धान्य कोमट लागलं तर त्याच दिवशी उपसून पातळ पसरा, चाळा, ऊन दाखवा आणि थंड करून पुन्हा भरा. डाळ दोन महिन्यांपुरतीही उरली नसेल तर गटाकडून खरेदीचा विषय याच बैठकीत काढा, संपायची वाट बघू नका. सलग दोन महिने वजन वाढलं नाही तर अंगणवाडीत आधी सांगा आणि मग घरात शोधा, घास पातळ झालाय, वेळा कमी झाल्यात की मध्ये जुलाब होऊन गेलेत.

वही देवळीत ठेवली तर सापडत नाही. कोठीच्या कडीलाच सुतळीनं बांधा, सोबत पेनही.